नव्या रंगाने मला बहिरं केलं

मित्रांनो, आधी एक सांगून टाकतो, मला राग आलेला आहे. तो जाईल तेव्हा जाईल. बाकी ओळख म्हणाल तर मी एक जुना वायरलेस सेट आहे. वय तेवीस, म्हणजे आमच्यात म्हातारा. वहीएवढा चपटा, पाठीवर कंगव्यासारखे ॲल्युमिनियमचे दाते, तोंडाशी एक गोल बटण आणि वेटोळ्यांच्या वायरीला लटकलेला माईक. राहायला एका पांढऱ्या जीपमध्ये, डॅशबोर्डच्या खाली, ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याशेजारी. जीप उभी असते चिंचवडला एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये. आणि मी तिथे एकटा नाही, हेच तर सगळं दुखणं आहे!

थांबा, नीट पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता ओरडतोय.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला सोल्डरचा एकेक टाका दिला, कानात डूल घालावेत तसे पार्ट बसवले आणि मला खोक्यात घालून समुद्रावरून पाठवलं. खोकं उघडलं ते थेट देहूरोडला, सयाजी सुभेदारांच्या घरात. सुभेदार फौजेत सिग्नलला होते. रिटायर झाले, पण हाताला माईकची सवय, ती सुटेना. म्हणून त्यांनी परीक्षा दिली, सरकारचं लायसन काढलं आणि ते हॅम झाले. हॅम म्हणजे हौसेने वायरलेसवर बोलणारी माणसं बरं का. पगार नाही, बढती नाही, पण पूर आला, मोबाईल मेले, टॉवर झोपले, की सगळे यांनाच शोधत येतात.

सुभेदार रोज सकाळी सात वाजता माझ्यावरून सगळ्यांची हजेरी घ्यायचे. दाढीच्या जुन्या ब्रशने माझे दाते झाडायचे, अगदी प्रत्येक फटीतून. एका वर्षी पवनेला पूर आला, तेव्हा मी सलग दोन दिवस चालू होतो. पाठ इतकी तापलेली की सुभेदारांच्या बायकोने तिच्यावर हात शेकून घेतले! तेव्हा लोक मला बघायला यायचे. म्हणायचे, "हाच का तो?" मी मनात म्हणायचो, हो, तोच मी. फार मोठेपणा मिळाला हो मला.

आणि मग सुभेदार गेले. त्यांच्या मुलाने मला सतरंजीत गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं, एका बिघडलेल्या मिक्सरच्या शेजारी. सहा वर्षं! माझ्या आत झुरळांनी संसार मांडला, पिल्लं काढली, आणि मी गप्प. करंट नसला की आमचा राग पण पेटत नाही.

तिथून मला खाली काढलं कस्तुराने.

ही कस्तुरा सुभेदारांकडे शिकायला यायची. वय चव्वेचाळीस. चाकणला एका कंपनीत हार्नेसच्या लाईनवर आहे. हार्नेस म्हणजे गाडीच्या पोटातल्या सगळ्या वायरींचा बांधलेला जुडगा. एकोणीस वर्षं तिने तेच केलंय. कुठली वायर कुठून न्यायची, कुठे आवळायची, कुठला बोल्ट बॉडीला नीट चावला पाहिजे, हे तिला झोपेत विचारा. तिने सुभेदारांच्या मुलाला विचारलं, "दादा, सरांचा सेट मी नेऊ का?" तो म्हणाला, "न्या न्या, जागाच अडते." झालं. सहा वर्षं मी जागा अडवत होतो!

घरी नेऊन तिने मला उघडलं, झुरळं झटकली, दोन टाके नवे दिले, आणि मी एका दणक्यात चालू. तिच्या मुलीने टाळ्या वाजवल्या. मी तेव्हाच ठरवलं, ही बाई म्हणेल तिथे जायचं.

पण तिने मला नेलं कुठे? तर या जीपमध्ये.

जीप आमच्या हॅमच्या क्लबला कुणीतरी दिलेली. रंग उडालेली, दरवाजे खडखडणारी, पण इंजिन झकास. तिला सांभाळतात हरिहर काका. वय त्रेसष्ट, उंच, शर्ट इस्त्रीचा, पेन खिशाला. आयुष्यभर एका गाड्यांच्या कंपनीत, बॉडीला रंग देतात त्या पेंट शॉपमध्ये होते. साहेब म्हणूनच रिटायर झाले. गाडीवर माशी बसली तर ते आधी माशी बघत नाहीत, रंगाला तिचे पाय लागले का ते बघतात! खोटं नाही सांगत.

तर काकांनी स्वतःचा सेट जीपमध्ये बसवला. त्याला मी मोठा म्हणतो. मी बोलतो जवळचं, म्हणजे चिंचवडवरून चाकण, देहू, तळेगाव. मोठा बोलतो लांबचं, मुंबई, नागपूर, पार केरळ. शंभर वॅटचा रेडा आहे तो. मागच्या बंपरला त्याची उंच काठी, म्हणजे एरियल. आणि तिसरा एक बारका, टिकटिक्या. तो दर दोन मिनिटांनी "जीप इथे आहे, जीप इथे आहे" असं पाठवतो आणि गप्प बसतो. निशिगंधा नावाच्या पोरीचा आहे तो. ती माण गावात राहते, तिथेच आयटीत काम करते, क्लबात सगळ्यात लहान.

आता विचार करा मित्रांनो, एका पत्र्याच्या डब्यात तीन सेट! एक बोंबलायला लागला की बाकीच्या दोघांच्या कानाचे पडदे फाटायचे. तुम्ही एका खोलीत तिघं जण तीन फोनवर ओरडून बघा.

पण कस्तुराने ते बसवलं. दोन रविवार लागले. माझी छोटी काठी टपाच्या मधोमध, मोठ्याची मागे, टिकटिक्याची पुढे बॉनेटच्या कडेला, शक्य तेवढी एकमेकांपासून लांब. प्रत्येकाची वायर थेट बॅटरीपासून, वेगळी, स्वतःच्या फ्यूजची. "एका ताटात तिघांना वाढलं की मारामारी होते," असं ती म्हणाली. वायरींना फेराइटचे काळे मणी घातले, ते नको तो आवाज गिळतात. दरवाजे, बॉनेट, सायलेन्सर, सगळं विणलेल्या तांब्याच्या पट्ट्यांनी बॉडीला बांधलं आणि प्रत्येक बोल्टखाली पत्रा घासून उघडा केला. धातूला धातू भिडला पाहिजे, मध्ये काही नको. टिकटिक्याचा जोर तिने इतका कमी केला की तो कुजबुजतोच.

आणि काय सांगू, चाललं! मोठा रेकत असायचा तिकडे केरळशी आणि मी इकडे आळंदीच्या पलीकडचा बारीक आवाज ऐकायचो. मोठ्याशी माझं पटत नव्हतं, पटणारही नाही, तो उद्धट आहे. पण एकमेकांच्या अंगावर येत नव्हतो. दोन महिने गेले असे.

मग आला दसरा.

तुम्हाला माहितीच आहे, आपल्याकडे खंडेनवमीला, दसऱ्याला मशीन पुसायचं, हळदीकुंकू लावायचं, झेंडू बांधायचा. हरिहर काकांना वाटलं, पूजेला गाडी अशी उडाल्या रंगाची? त्यांनी भोसरीला ओळखीच्या रंगाच्या बूथमध्ये पाच दिवस जीप ठेवली. सगळं उतरवलं, काठ्या, पट्ट्या, बोल्ट, आम्ही तिघं. स्वतः उभं राहून रंग मारून घेतला. एक हात, दोन हात, वर चकाकी, भट्टीत भाजून काढला. आणि दसऱ्याच्या सकाळी काकांनी आणि ज्ञानदेवने मिळून सगळं परत जागच्या जागी बसवलं.

ज्ञानदेव म्हणजे आमचा ड्रायव्हर, चाकणच्या बाजूच्या जुन्या गावातला. माणूस सोन्यासारखा, पण त्याला बोल्ट आवळ म्हटलं की तो आवळतो, खाली काय आहे ते बघत नाही.

आणि कस्तुरा? ती त्या दिवशी देहूरोडच्या विहारात होती. दरवर्षी दसऱ्याला तिचं सगळं घर तिथेच असतं, पांढऱ्या साड्या, लहान पोरं, खिचडी, सगळं. क्लबात हे सगळ्यांना माहीत. पण आठवलं कुणाला? काकांना तर पूजेच्या आधी गाडी उभी करायची होती!

पूजा झाली. फोटो निघाले. जीप अशी चकाकत होती की शेजारच्या गाड्या लाजल्या. आणि मला चालू केलं, मोठा बोलला, आणि माझ्या कानात खर्रर्रर्रर्र असं काही घुसलं की मला काहीच ऐकू येईना. मला तेव्हा कळलंच नाही काय झालं ते. मी नुसता बहिरा झालो. ऐन सणाला! मोठा गप्प बसला की परत ऐकू यायचं, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढे काय झालं ते सांगताना अजून माझा फ्यूज उडायला बघतो.

दिवाळीनंतरच्या रविवारी सायकलींची रॅली होती, देहूपासून चाकण आणि परत. आमची जीप मध्ये, काका मोठ्यावर, कस्तुरा पुढच्या सीटवर माझ्याजवळ. निशिगंधा हातात छोटा सेट घेऊन इंद्रायणीच्या पुलाजवळच्या वळणावर. तिथे मोबाईलला रेंज नाही, आणि नेमका तिथेच एक माणूस सायकलवरून पडला, खांद्याचं हाड मोडलं. निशिगंधा हाका मारतेय, मारतेय, मारतेय. आणि काका मोठ्यावरून कुठल्यातरी जुन्या मित्राला रॅलीचं वर्णन सांगतायत! मी पूर्ण बहिरा. अकरा मिनिटं, मित्रांनो. शेवटी एक दूधवाला मोटारसायकलवरून निरोप घेऊन आला.

रॅली संपली तिथे चाळीस माणसं उभी होती. त्या सगळ्यांसमोर काका म्हणाले, "कस्तुराबाई, तुमचा हा सेट काय शोभेला ठेवलाय का?"

"सर, तुम्ही बोलायला लागलात की याला काही ऐकू येत नाही," कस्तुरा म्हणाली. "दसऱ्याआधी असं नव्हतं."

"म्हणजे चूक माझ्या सेटची?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तेच म्हणताय. नवा सेट, नवीन रंग, सगळं नवं. जुनं काय आहे गाडीत? हे तुमचं भंगार. कुदळवाडीच्या भंगारबाजारात टाकून या, आणि पुढच्या सीटवर कान असलेलं माणूस बसवू आपण."

माझ्याबद्दल बोलले असते तर चाललं असतं हो! मी माळ्यावर राहिलेला आहे. पण तिच्याबद्दल?

"काका, असं काय बोलता," निशिगंधा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, त्या पडलेल्या माणसामुळे की काकांमुळे, मला माहीत नाही.

ज्ञानदेव म्हणाला, "सायेब, मी बी तितंच बसलो व्हतो. मला बी काय ऐकू आलं न्हाई. मग मलाबी उतरवा की."

"तू गाडी चालव," काका म्हणाले. आणि मग एकदम थंड आवाजात, "पंधरा दिवसांनी चाकणला ड्रिल आहे. गॅसगळतीचं. जिल्ह्याचे अधिकारी येणार. एक कॉल जरी चुकला, तर हा सेट खाली. आणि कस्तुराबाई, तुम्ही पण."

बघा, आता कळलं का काय पणाला लागलं होतं? माझी जागा, आणि तिची सीट. सुभेदारांकडे शिकून, चार वर्षं रविवार घालून कमावलेली.

आणि सगळ्यात वाईट काय झालं सांगू? तिनेसुद्धा आधी माझ्यावरच संशय घेतला. आठवड्यात तीनदा मला उघडलं. टाके बघितले, दाते बघितले, मला उलटंपालटं करून ठोकलं. मी चांगलाच होतो! पण आम्हाला तोंड असून बोलता कुठे येतं? दुसऱ्याचं बोलणं पोचवतो, आमचं नाही. तिसऱ्यांदा झाकण लावून ती स्क्रू आवळत म्हणाली, "तू नाहीस रे." एवढंच. मी तिला माफ केलं. बाकी कुणाला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता ती पार्किंगमध्ये आली, शिफ्टची पिशवी खांद्याला, हातात मीटर. तो मीटर बघितलाय ना तुम्ही, दोन सळया टेकवल्या आणि वाट मोकळी असली की पी करतो. काका फडक्याने बॉनेट पुसत होते. निशिगंधा आणि ज्ञानदेव चहा पीत होते. कस्तुराने एक सळई मोठ्याच्या काठीच्या बुडाला टेकवली आणि दुसरी बॉडीच्या एका उघड्या बोल्टला.

गप्प. पी नाही, काही नाही.

"मीटर बिघडलाय तुमचा," काका म्हणाले.

"द्या मग तुमचा."

काकांनी आपला मीटर दिला, चामड्याच्या पाकिटातला. तो पण गप्प. कस्तुरा दरवाजाच्या पट्टीशी गेली, गप्प. बॉनेट, गप्प. सायलेन्सर, गप्प. माझ्या काठीपाशी, गप्प. सगळीकडे तो सुंदर, गुळगुळीत, भट्टीत भाजलेला रंग मध्ये बसलेला!

आता समजलं का मित्रांनो? मोठ्याच्या काठीला बॉडी भेटतच नव्हती. त्याचा शंभर वॅटचा जोर बाहेर जायच्याऐवजी वायरींवरून उलटा केबिनमध्ये शिरायचा आणि माझ्या कानात ओतला जायचा. चूक माझी नव्हती, त्या रेड्याचीही नव्हती. रंगाची होती.

"सर, बोल्टखालचा रंग काढावा लागेल," कस्तुरा म्हणाली आणि पिशवीतून पॉलिश पेपर काढला.

काका जीपला पाठ लावून उभे राहिले. अक्षरशः हात पसरून. "खबरदार. पूजा झालेली गाडी आहे. सात दिवसांचं काम आहे माझं."

"पाच दिवसांचं," ज्ञानदेव चहात बघत म्हणाला.

"तू गप रे! या असेंब्लीवाल्यांना मी तीस वर्षं बघतोय. आम्ही काचेसारखी बॉडी द्यायची आणि यांनी बेल्टच्या बकलाने ओरखडे काढायचे. हात थरथरत नाहीत यांचे. रंग म्हणजे काय हे यांना माहीतच नाही."

"सरका, सर."

"नाही सरकत."

"तुमच्या त्या रंगापायी एक माणूस अकरा मिनिटं रस्त्यावर पडून होता."

"रंगापायी? तुमच्या भंगारापायी!"

मला वाटलं, आता ही बाई मीटरच घालते डोक्यात. मी म्हणतच होतो, घाल! पण तिने पॉलिश पेपर खाली केला आणि शांतपणे विचारलं, "सर, एक सांगा. तुमच्या शॉपमध्ये पार्ट हुकांना टांगून रंगवायचे ना?"

"मग? विजेवर चालतो तो रंग. गनमधून करंट घेऊन उडतो आणि पार्टला जाऊन चिकटतो."

"आणि हुकावर रंग साठला की?"

काकांनी पसरलेले हात खाली घेतले.

"सांगा ना. हुकावर रंग साठला की काय होतं?"

"अर्थ जात नाही," काका हळूच म्हणाले. "पार्टला रंग धरत नाही."

"मग तुम्ही काय करायचात?"

निशिगंधाने कप खाली ठेवला होता. एक कुत्रं पार्किंगमधून चाललं होतं, ते पण थांबल्यासारखं वाटलं मला.

"हुक खरवडायचो," काका म्हणाले. "रोज. उघड्या लोखंडापर्यंत."

"कुणी रागवायचं?"

"मीच रागवायचो. खरवडला नाही तर."

हे ऐकलं आणि माझ्या अंगातून सणकन करंट गेला, चालू नसताना! त्यांच्याच कामाची गोष्ट, त्यांच्याच तोंडून. तीस वर्षं जो माणूस हुक खरवडून घेत होता, तो स्वतःच्या गाडीचे बोल्ट मात्र रंगावर आवळून मोकळा झाला. का? तर ती शॉपमधली गाडी होती आणि ही पूजेची!

तुम्हाला वाटेल आता काका हसले, गळ्यात पडले. छे! ते बाजूला सरकले आणि दात आवळून म्हणाले, "पाच जागा. नाण्याएवढ्या. वॉशरच्या बाहेर एक रेघ जरी गेली ना, तर बघा."

"बघते," कस्तुरा म्हणाली आणि गुडघ्यावर बसली.

खर्र खर्र खर्र. काका प्रत्येक खर्रला डोळे मिटत होते. पहिली मोठ्याची काठी, मग माझी, मग दरवाजाची पट्टी, मग बॉनेट, मग सायलेन्सर. रंग गेला, चंदेरी पत्रा दिसला, पट्टी बसली, बोल्ट आवळला, मीटर टेकवला. पीईईई! ज्ञानदेव प्रत्येक वेळी "व्हय!" म्हणायचा, अगदी कुस्तीच्या फडात म्हणतात तसा. पाच वेळा पी, पाच वेळा व्हय.

पण काकांनी अट मागे घेतली नाही. जाताना म्हणाले, "ड्रिलला बघू."

ड्रिलच्या दिवशी चाकणला त्या कारखान्याच्या मागच्या मैदानात आम्ही उभे. नियम असा की आत येताना सगळ्यांचे मोबाईल गेटवर जमा. म्हणजे कारखान्याच्या आत बोलायचं ते फक्त आमच्यातून. निशिगंधा लांबच्या तीन नंबरच्या शेडमागे, हातातला छोटा सेट घेऊन, मध्ये तीन मोठाले पत्र्याचे शेड. भोंगा वाजला. कामगार पळत बाहेर आले. काही जण ठरल्याप्रमाणे खाली पडले, म्हणजे नाटकातले बेशुद्ध. कुणी हसतंय, कुणी पडल्या पडल्या कंपनीच्या फोटोग्राफरकडे तोंड वळवतंय. ड्रिलमध्ये असंच असतं.

काकांनी मोठा हातात घेतला आणि मुंबईला लांबलचक रिपोर्ट सुरू केला. मागे अधिकारी, आणि ॲम्ब्युलन्सपाशी ड्रिलचे डॉक्टर उभे. शंभर वॅट पूर्ण जोरात. मी कान टवकारून बसलो. मला भीती वाटत होती, सांगायला लाज कसली. टिकटिक्या कुजबुजला. मोठा रेकतोय. खर्र आलं का? आलं का? नाही आलं.

आणि त्या सगळ्याच्या मधून, अगदी तळातून, विहिरीतून यावा तसा बारीक आवाज, "कंट्रोल, निशिगंधा बोलतेय. ड्रिल नाही. ड्रिल नाही. खरं आहे. शेड तीनच्या मागे एक बाई पडलीय, नाटक नाही, रात्रपाळी करून आलीय, शुद्ध नाही तिला. सगळे नुसते बघतायत, हसतायत."

ऐकलं! मी ऐकलं, आणि एक शब्द न सोडता कस्तुराच्या कानात दिलं. तिने माईक उचलला. "निशिगंधा, कळलं. शेड तीनच्या मागे. श्वास बघ. तिथून हलू नकोस." आणि मग ती जीपमधून अर्धी बाहेर वाकून त्या मागच्या डॉक्टरांवर अशी ओरडली की अधिकारी सुद्धा दचकले, "अहो, खरी बाई पडलीय तिकडे! खरी! शेड तीन! चला!"

ॲम्ब्युलन्स तीन मिनिटांत पोचली. त्या बाईची साखर पार उतरली होती. रात्रभर मशीनवर, सकाळी पोटात काही नाही, आणि वर ड्रिलसाठी थांबवली म्हणून दोन तास उन्हात उभी. ती वाचली, मित्रांनो. अजून पाच-दहा मिनिटं गेली असती तर काय झालं असतं, ते डॉक्टरच म्हणाले, मी नाही म्हणत.

आणि काका? त्यांचा रिपोर्ट चालूच होता. एकदाही थांबवावा लागला नाही. तिकडून मुंबईचा माणूस म्हणाला, "हरिहरजी, आज आवाज एकदम स्वच्छ. मागचा दीड महिना ती शिट्टी यायची, ती गेली." काकांनी ते ऐकलं. मी बघितलं, त्यांनी ऐकलं. कानापर्यंत लाल झाले.

शेवटी अधिकारी आले, काकांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "वा साहेब! गाडी काय ठेवलीय! रंग तर बघा, आरसा!"

आरसा!! मी जळलो. जळलो म्हणजे खरंच, पाठ तापली माझी. काका काही बोलले असतील? "थँक यू" म्हणाले. कस्तुराने तोंड फिरवलं आणि डब्यातली पोळीभाजी निशिगंधाला दिली.

सीट मात्र राहिली. संध्याकाळी क्लबच्या ग्रुपवर पुढच्या ड्युटीची यादी आली, काकांनी टाकलेली. पुढची सीट, कस्तुरा. त्याखाली एक शब्द नाही, एक फूल नाही, अंगठा नाही.

बुधवारी सकाळी कस्तुरा दुपारपाळीला जायच्या आधी पार्किंगमध्ये आली, तर काका जीपखाली आडवे! इस्त्रीचा शर्ट धुळीत, हातात ग्रीसची डबी आणि पाना.

"काय करताय?" तिने विचारलं.

"दिसत नाही? उघडं लोखंड तसंच ठेवून गेलीस. महिन्यात गंज चढेल, की परत बहिरं तुझं ते डबडं."

"लावणारच होते मी ग्रीस. रविवारी."

"रविवारी! असेंब्लीवाल्यांचा रविवार मला माहितीय."

"द्या इकडे ती डबी."

"हे माझं झालंय. बॉनेटचा नट ढिला आहे, तो बघ तू. आणि बकल लागू देऊ नको रंगाला."

"बकल नाही माझ्या पट्ट्याला."

"बरं मग."

ती पुढे गेली, ते मागे राहिले. वीस मिनिटं नुसता पान्याचा आवाज. सगळ्यात शेवटी काका दार उघडून आत आले, माझ्या बाजूचा स्क्रू आवळला आणि खिशातल्या कोरड्या ब्रशने माझे दाते झाडले, प्रत्येक फटीतून, कपाळाला आठ्या घालून. पहिल्यांदाच हात लावला मला त्या माणसाने. मी त्यांना माफ केलेलं नाही, हे लिहून ठेवा. मोठ्यालाही नाही. काकांनीही मला भंगार म्हणणं सोडलेलं नाही, काल पण म्हणाले.

पण मित्रांनो, एक मागणं आहे तुमच्याकडे. तुमच्या घरी, गाडीत, कंपनीत आमच्यासारखे जे कोणी असतील ना, पंखे, पंप, सेट, गिरण्या, त्यांचे फार लाड करू नका. हार घालून, चकचकीत करून, फोटो काढून जाऊ नका. आमच्यावर प्रेम नसलं तरी चालेल. आमच्यावर चिडा, शिव्या द्या, आम्हाला डबडं म्हणा, आम्हीही तुम्हाला मनातल्या मनात बोलून घेऊ. फक्त महिन्यातून एकदा पाना घेऊन या, खाली वाका, आणि जिथे लोखंड लोखंडाला भिडतं तिथे हात लावून बघा, ढिलं झालंय का.